मधली खोली, स्थिती बरी

तिसरा प्रश्न माझ्या नजरेस पडला तेव्हा अर्जावर शिक्का उमटून गेलेला होता. आमच्या कक्षात अर्ज आधी घ्यायचा, शिक्का मारायचा आणि मगच वाचायचा, अशी रीत आहे. वाचून घेतला तर परत करावासा वाटतो, असे साहेब म्हणतात. पहिला प्रश्न नेहमीचा होता. संग्रह क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशी, शीर्षक ‘मधली खोली’, हे शासनाने सार्वजनिक निधीतून खरेदी केलेले चित्र सध्या कोठे आहे? दुसराही तसाच. त्याची स्थिती कशी आहे? या दोन्हींची उत्तरे नोंदवहीत तयार असतात. ती उतरवून काढायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. तिसरा प्रश्न असा होता: चित्रात काय काय आहे ते शब्दांत कळवावे. मला दिसत नाही.

मी मान वर केली. खिडकीच्या गजांपलीकडे एक वृद्ध बाई उभी होती. उंच, ताठ, हातात पांढरी काठी. तिचे डोळे उघडे होते आणि माझ्या कपाळाच्या किंचित वर पाहत होते, जणू माझ्या मागे माझ्याहून उंच असे कुणीतरी उभे होते आणि खरे उत्तर देणारा तो होता.

“शिक्का बसला वाटतं,” ती म्हणाली. “आवाज आला.”

“बसला.”

“मग आता तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं ना?”

“हो, आजी.”

“आजी नको. बाई म्हणा. चाळीस वर्षं शाळेत बाईच होते, आता कुठं बढती घेऊ?”

मी हसलो, आणि हसणे तिला दिसले नसेल हे लक्षात येऊन ओशाळलो. चित्र तिच्या धाकट्या भावाने काढलेले होते. हे सांगताना तिने आवाज अजिबात खाली आणला नाही. मागे रांगेत कुणी नव्हते, पण असते तरी तिने आणला नसता. “आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी नोकरी सोडून यावं असं त्याचं म्हणणं. मी आले नाही. मग अकरा वर्षं आम्ही बोललो नाही, आणि नंतर बोलायला तोच उरला नाही. त्याला पोचवायला गेले तेव्हा त्याचा एक मित्र म्हणाला, तुम्हाला काढलंय त्यानं, त्या मधल्या खोलीत. चित्र सरकारनं घेतलंय. तेव्हा मला दिसत होतं. पण गेले नाही. म्हटलं, बघू. आता बघू म्हणायची सोय राहिली नाही.” तिने गजावर हात ठेवला. “मी त्यात असले तर त्यानं मनातलं सोडलं होतं. नसले तर नाही. एवढंच कळायचंय. तुम्ही नुसतं काय आहे ते लिहा, मी ओळखेन. तुम्ही पाहिलंय ना ते?”

“हो,” मी म्हणालो.

“मग आत्ताच सांगा की.”

“लेखी द्यावं लागतं, बाई.”

“बरं. पण पोस्टानं नको. तिसाव्या दिवशी मी येईन, तुम्ही वाचून दाखवा. पोस्टाचं शेजारणीकडून वाचून घ्यावं लागतं, आणि ती मध्येमध्ये हळहळते.”

ती गेली. काठीची टकटक जिन्याच्या वळणावर थांबली, पुन्हा सुरू झाली. मी म्हटलेला ‘हो’ मात्र टेबलावरच राहिला, कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा. तो खोटा होता असे म्हणता येत नव्हते. चार वर्षे, दरवर्षी एकदा, मी त्या चित्राच्या नावापुढे ‘आहे’ असे लिहिले होते. स्थितीच्या रकान्यात ‘बरी’ असे लिहिले होते. खाली सही केली होती. पाणीपुरवठ्याच्या विभागीय कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, नकाशांच्या खोलीत ते टांगलेले आहे, हे मी डोळे मिटून सांगू शकलो असतो. त्याची पाठही मला माहीत होती. फिकट प्लायवूडची फळी, तिच्यावर मधोमध कानाच्या आकाराची गाठ, सहा स्क्रू, त्यांतला एक पितळी. आणि समोरून? मी मनातल्या मनात ते चित्र उलटे करू लागलो, आणि ते उलटे होईना. फळी फिरे, कड दिसे, आणि कडेपाशी सगळे थांबे.

आमच्या संग्रहात सहाशे चौदा चित्रे आहेत आणि ती एका छपराखाली नाहीत. ज्या काळी सरकारला चित्रांची हौस होती त्या काळी ती घेतली गेली आणि मग कचेऱ्यांच्या, रुग्णालयांच्या, विश्रामगृहांच्या भिंतींवर वाटली गेली. मी आणि मामा वर्षभर त्यांच्या मागे फिरतो. मामा हे कुणाचेच मामा नाहीत; उचलसाचल करणारे म्हणून ते नोकरीला लागले आणि पहिल्याच आठवड्यात सर्वांचे मामा झाले. ते चित्र उतरवतात, पालथे करून माझ्यापुढे धरतात, मी फळीवरचा क्रमांक वाचतो, यादीत खूण करतो, ते पुन्हा टांगतात. कक्षात या कामाला ‘उलटणे’ म्हणतात. पूर्वी पडताळणी समोरून होत असे, परंतु तीन वेगवेगळ्या चित्रकारांच्या होड्या एकदा एकमेकींत अशा मिसळल्या की चौकशी बसली, दोघांच्या बदल्या झाल्या आणि तेव्हापासून आदेश निघाला: क्रमांक हाच पुरावा. चित्र ओळखणे हे मत झाले, क्रमांक वाचणे हे काम. प्रत्येक फळीवर क्रमांकाखाली एक छापील चिठ्ठी आहे: ‘ही कलाकृती सार्वजनिक निधीतून खरेदी केलेली असून ती सर्व नागरिकांच्या मालकीची आहे.’ ती नेहमी भिंतीच्या बाजूला असते. सहाशे चौदा भिंतींनी ती वाचली आहे.

हे काम मला मानवले, याचे मला कधी नवल वाटले नाही. माझी आई कपडे शिवते. लहानपणी कुणी नवा सदरा दाखवायला आले की ती आधी तो उलटा करी, शिवणीवरून अंगठा फिरवी आणि मगच चांगला की वाईट ते सांगे. “समोरून सगळेच राजे असतात,” ती म्हणे. मी शाळेत शेवटच्या बाकावर बसलो, दहा वर्षे. वर्गातल्या मुलांचे चेहरे मला आज आठवत नाहीत, पण कुणाच्या केसांत किती भोवरे होते ते सांगू शकेन. कॉलेजात एका मुलीवर माझे मन जडले होते. दोन वर्षे मी तिच्या मागच्या रांगेत बसलो आणि तिच्या मानेवरच्या, केस वर बांधल्यावर तेवढ्याच दिसणाऱ्या, एका बारीक तिळाशी मनातल्या मनात बोललो. एकदा ती अचानक वळून म्हणाली, “पेन आहे का?” मी पेन दिले. त्या क्षणी तिचा चेहरा माझ्या इतका जवळ होता की मी तो पाहिला नाही. समोरच्या बाजूला माणसे अपेक्षा घेऊन उभी असतात. पाठ काही मागत नाही. पाठीला चुकीचे उत्तर देता येत नाही. आणि आता एक दृष्टी गेलेली बाई खिडकीशी येऊन मला म्हणत होती, समोरून काय दिसते ते सांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेलो. नकाशांच्या खोलीत ओलीचा जुना, कोंदट वास होता. उत्तरेकडच्या भिंतीचा रंग पोपडे धरून फुगला होता, आणि त्याच भिंतीवर ते टांगलेले होते. मी समोर उभा राहिलो. काचेमागे शहराच्या जलवाहिन्यांचा नकाशा होता. निळ्या जाड रेषा, तांबड्या बारीक रेषा, खाली कोपऱ्यात प्रमाण. तो पाहताच मला आठवले की हा नकाशा मी ओळखतो. नुसता ओळखत नाही. मागच्या वर्षी मामा शिडी आणायला गेले असताना मी आमच्या गल्लीची तांबडी रेषा शोधून काढली होती, ती कुठल्या निळ्या रेषेला जाऊन मिळते ते बोट काचेवर ठेवून पाहिले होते, आणि सकाळी आमच्या नळाला जे पाणी येते ते इतका वळसा घालून येते याचे मला उगाच बरे वाटले होते. मग मामा शिडी घेऊन आले, त्यांनी ते उतरवले, पालथे केले, मी क्रमांक वाचला, आणि लिहिले: ‘मधली खोली. आहे. स्थिती बरी.’ नकाशा मी पाहिला होता. चित्र आहे असे मी लिहिले होते. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या, आणि चार वर्षांत त्यांनी एकमेकींना ओळख दिली नव्हती.

नकाशांचा कारकून चष्मा कपाळावर चढवून आला. “हे होय? फ्रेम तुमची आहे, नकाशा आमचा. आमच्या आधीच्या साहेबांना नकाशा लावायला फ्रेम पाहिजे होती, खरेदीचा कागद हलेना. मग म्हणाले, सरकारचीच भिंत, सरकारचीच फ्रेम, चित्रावरच घाला नकाशा.”

“आणि चित्र?”

“आतच आहे की! आम्ही कशाला टाकू? सरकारी माल.” त्याला खरोखरच वाईट वाटले. “इतकी वर्षं जपलंय, एक ओरखडा नाही काचेवर.”

मामांनी चौकट उतरवून टेबलावर पालथी घातली. सहा स्क्रू काढले. फळी उचलली, तिच्याखालचा पुठ्ठा उचलला, आणि त्या खाली जाड, पिवळट कागदाची पाठ दिसली. चित्र कागदावर होते, जलरंगातले. आम्ही ते सगळे मिळून एकत्र सुलटे केले आणि काच बाजूला घेतली. नकाशा वर, चित्र खाली, दोन्ही एकमेकांना घट्ट लागून. मामांनी नकाशाचा कोपरा बोटाने दाबून पाहिला. “राहू द्या,” ते म्हणाले. “भिंतीनं ओल दिलीये, चिकटलं असणार. असंच बांधून नेऊ. ते दुरुस्तीवाले वाफ का काय देतात, तसं करवू.”

ते बरोबर बोलत होते, आणि ते बरोबर बोलत आहेत हे मला त्याच क्षणी कळलेही होते. दुरुस्तीकडे गेलेली चित्रे परत यायला वर्ष लागते, कधी दोन. पण मला वाटते, तिथे मी तीस दिवसांचा विचार केला नाही. बाईंचाही केला नाही. मला फक्त तो ‘हो’ खरा करायचा होता. टेबलावर तो असा वर्षभर पडून राहील ही कल्पना मला सोसवेना. आयुष्यात पहिल्यांदा मला कशाची तरी समोरची बाजू पाहायची घाई झाली होती. मी नकाशाच्या कोपऱ्याखाली नख घातले आणि ओढले.

आवाज फार बारीक होता. वाळलेल्या जखमेवरची पट्टी निघावी तसा, आणि तितकाच लांब. नकाशा पहिल्यांदा सहज आला, मग अडला, आणि अडला तेव्हा मी थांबायला हवे होते. मी हात बदलला आणि पुन्हा ओढले. तो सुटून माझ्या हातात आला तेव्हा त्याच्या पाठीवर रंग होते. कागदावर चित्राचा काही भाग राहिला होता, काही नकाशाच्या पाठीवर उलटा होऊन गेला होता, आणि उजवीकडे, जिथे मी दुसऱ्यांदा ओढले होते, तिथे दोन्हींकडे काही नव्हते: नुसते उसवलेले तंतू, आणि टेबलावर, माझ्या बाह्यांवर, माझ्या बुटांवर पडलेली निळी भुकटी. कारकून म्हणाला, “अरेरे,” आणि मग, स्वाभाविकपणे, “नकाशाचं काय आता?” मामांनी माझ्या हातातून नकाशा हळूच काढून घेतला, एखाद्याच्या हातातून झोपलेले मूल घ्यावे तसा. “दोन्ही बांधू,” ते म्हणाले.

साहेबांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले आहेत. त्यांच्या टेबलावर काचेखाली एका बागेचा फोटो आहे. निवृत्तीनंतर तिथे घर घ्यायचे असे ते सहा वर्षे म्हणतात. माझे सगळे बोलणे त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला कुठेतरी उभे राहायला जागा मिळाली असती.

“कुणी पाहिलं?”

“मामांनी. आणि त्यांच्या कारकुनानं.”

“तो कारकून तोंड उघडणार नाही, फ्रेम त्यांनीच वापरली. मामा आपलेच.” त्यांनी डोळे उघडले. “हे बघ, स्थितीत लिहू, ‘ओलीमुळे काही अंशी बाधित.’ खोटं आहे का? ओल होतीच.”

“तिसऱ्या प्रश्नाचं काय?”

“शीर्षक काय? मधली खोली. मग खोली लिही. ‘साध्या घरातील एका खोलीचे चित्र. खिडकीतून प्रकाश येत आहे. एक स्त्री उभी आहे.’”

“स्त्री आहे की नाही ते कळत नाही, साहेब.”

“चित्रात स्त्री असतेच रे. नसली तर तक्रार कोण करणार?” मग त्यांना आपलेच बोलणे ऐकू आले असावे, ते खुर्चीत जरा खाली सरकले. “ती म्हातारी समाधानानं घरी जाईल. दुसरं काय देणार आहोत आपण तिला? आणि तुझी कायम होण्याची फाईल वर गेलीये. अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरींवर पाच वर्षं काढलीस. आता ‘पडताळणी सहायकाच्या हातून नुकसान’ असं मीच लिहून वर पाठवू? चार वर्षं न बघता सही केली, हेही लिहू? मग माझीही सही आहेच तुझ्या खाली.”

उत्तर त्यांनी स्वतः सांगितले, मी टंकले. दोन परिच्छेद झाले. वाचायला ते इतके बरे वाटत होते की मला त्या खोलीत जाऊन बसावेसे वाटले: खिडकी, कोवळा प्रकाश, उभी असलेली एक स्त्री. शेवटी साहेबांनी ‘शांत भाव’ असे दोन शब्द घातले. सही माझी हवी होती.

त्या संध्याकाळी आई काज करत बसली होती. डोळ्यांना हल्ली कमी दिसते म्हणून ती सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेते, एकदम दहा सुया, आणि त्या उशीला टोचून ठेवते. मी दोरे ओवता ओवता तिला सगळे सांगितले. आमच्यात बोलणे असेच होते, हातात काहीतरी असले तरच.

“म्हणजे फाडलंस,” ती म्हणाली.

“फाडलं नाही. सुटलं.”

“लोकांचा कपडा बिघडला की मीही आधी असंच म्हणायचे.” तिने दोरा दातांनी तोडला. “एकदा एकीचं लग्नाचं कापड कातरलं मी, चुकीच्या रेघेवर. आतून जोड दिला, वरून पट्टी लावली. कुणाला कळलं नाही. घालून गेली, खुशीत होती. पुढं ती रस्त्यात दिसली की मीच दुसऱ्या बाजूनं जायची. बावीस वर्षं झाली.”

“मग सांगायला हवं होतं?”

“मला काय विचारतोस? मी नाही सांगितलं.” तिने पुढची सुई मागितली. “तुझी फाईल कधी निघणार म्हणाले?”

मी सुई तिच्या हातात दिली. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता. मला त्या बाईंची नजर आठवली, माझ्या कपाळावरून पलीकडे जाणारी. त्यांना खोटे सांगणे किती सोपे आहे, आणि ते सोपे आहे म्हणूनच किती अशक्य, असा काही विचार माझ्या मनात आला असे लिहिले तर ते शोभून दिसेल. खरे म्हणजे मला फक्त दमल्यासारखे झाले होते. चार वर्षे मी ‘आहे’ लिहीत आलो होतो, आणि त्या प्रत्येक ‘आहे’चे थोडे थोडे वजन कुठेतरी साठत गेले असावे.

बाई ठरल्या दिवशी अकराच्या ठोक्याला आल्या. मी त्यांना आत घेतले, माझ्या टेबलासमोर खुर्ची दिली. साहेबांची खोली आमच्यापासून अर्ध्या उंचीच्या लाकडी आडोशाने वेगळी केलेली आहे. पलीकडे त्यांची खुर्ची कुरकुरली आणि थांबली. टंकलेले उत्तर माझ्यासमोर होते. मी पहिला परिच्छेद वाचला: चित्र कोठे होते, आता कोठे आहे. बाई मान एका बाजूला कलती ठेवून ऐकत होत्या, वर्गात एखादा मुलगा धडा वाचत असावा तशा. मी दुसरा परिच्छेद सुरू केला. “सदर चित्र हे साध्या घरातील,” मी म्हणालो, आणि थांबलो.

“वाचा ना.”

“बाई, इथं लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही.”

त्यांनी मान सरळ केली.

मी सांगू लागलो. आधी बुटांवरच्या निळ्या भुकटीपासून सांगितले, मग मागे गेलो, नकाशा, ओल, मामा काय म्हणाले, मी काय केले. खिडकीशी म्हटलेला ‘हो’ कसा होता तेही सांगितले. आडोशापलीकडे साहेब खोकले. मग ते उठून आडोशाच्या दाराशी आले, माझ्याकडे पाहिले, बाईंकडे पाहिले. “काय चाललंय?”

“उत्तर ऐकतेय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही कोण?”

साहेब आत गेले आणि दार त्यांनी लावून घेतले, आपटून नव्हे, अगदी हळू. एरवी ते कधीच लावत नाहीत.

“आहे ते सांगा,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काही नव्हते.

मी कपाटातून दोन्ही कागद आणले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग पाहिले. इतका वेळ मी आजवर कशाकडेही पाहिले नव्हते. “डावीकडे भिंत आहे. मातकट पिवळी. खाली फरशी, तिच्यावर उन्हाचा एक चौकोन. खिडकी दिसत नाही, ऊनच दिसतं. मध्ये पलंग आहे. पलंगावर कुणीतरी झोपलेलं आहे. चेहरा कागदावर राहिला नाही, नकाशाच्या पाठीवर थोडे केस आलेत, पांढरे, आणि उशीचा कोपरा. एक हात पलंगाच्या कडेवर आहे. तो पूर्ण राहिलाय.”

“करंगळी?”

मी वाकलो. “आत वळलेली. मोडून बसली असावी तशी.”

“आई,” त्या म्हणाल्या. “करंगळी दारात चेमटली होती तिची.” मग त्यांनी विचारले, “आणि उजवीकडे?”

हाच प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. टंकलेल्या कागदावर याचे उत्तर होते. तिथे साहेबांनी सांगितलेली स्त्री उभी होती, शांत भाव घेऊन. “उजवीकडे मी दुसऱ्यांदा ओढलं,” मी म्हणालो. “तिथं काहीतरी होतं. ते गेलं. माझ्यामुळं गेलं.”

“काहीतरी म्हणजे?”

“खाली फरशीवर त्याची थोडी सावली राहिलीये. वर काही नाही.”

“सावली उभ्याची की बसल्याची?”

मी पुन्हा पाहिले. “उभ्याची. लांब आहे.”

“रंग?”

“निळा असावा. भुकटी निळी होती.”

बाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांचे ओठ हलत होते. त्या कसलातरी हिशेब मांडत असाव्यात, खोलीचा, भिंतींचा, कुठल्या तरी वर्षाचा. “त्या कोपऱ्यात कपाट होतं,” त्या अखेर म्हणाल्या. “कपाटही उभंच असतं.”

मी पुन्हा सावलीकडे पाहिले.

“हिरवं होतं ते. माझ्या वेळी हिरवं होतं. नंतर त्यानं रंगवलं असलं तर कुठला दिला कोण जाणे. मी कुठं होते?” हे म्हणताना त्या हसल्या, शाळेतल्या बाई मुलाच्या वहीतली आपलीच चूक सापडल्यावर हसतात तशा. “आणि निळी साडी माझ्याकडे एकच होती, तीही बाहेरगावी नेसायची मी. त्यानं पाहिली असेल नसेल.”

“बाई, मला माफ करा.”

“माफीचं नंतर. आधी लिहा.”

मी कोरा कागद घेतला. हाताने लिहिले, कारण टंकायला उठलो असतो तर परत बसलो नसतो. भिंत लिहिली, ऊन लिहिले, हात आणि करंगळी लिहिली. त्या मधूनमधून दुरुस्त करत होत्या: “‘वृद्ध स्त्री’ नको. केस पांढरे दिसतात एवढंच लिहा. तुम्हाला तेवढंच दिसलं ना?” मग उजवी बाजू आली. मी लिहिले की उजव्या बाजूस काहीतरी उभे होते, बहुधा निळ्या रंगाचे. ते काय होते हे आता सांगता येत नाही. चित्राचा तो भाग दिनांक अमुक रोजी माझ्या हातून, सूचना मिळूनही घाई केल्यामुळे, नष्ट झाला. त्यापूर्वी चार वर्षे मी हे चित्र न पाहता ते असल्याचे नमूद केले. खाली सही केली. पद लिहिताना ‘कंत्राटी’ हा शब्द मी पूर्ण लिहिला.

“आता वाचा,” बाई म्हणाल्या. “सुरुवातीपासून. सावकाश.”

मी वाचू लागलो. भिंत झाली, फरशी झाली, उन्हाचा चौकोन झाला. आईच्या हातापाशी त्यांनी मान हलवली. मी पुढे गेलो. “उजव्या बाजूस काहीतरी उभे होते,” मी वाचले.

“तिथं जरा थांबा,” त्या म्हणाल्या.

मी थांबलो.